कविता, पिस्तूल आणि ठाण्याची फांशी

‘दहशतवादाविरुद्ध युद्ध’ हा शब्दप्रयोग २००१ पासून जगभर रूढ झाला. परंतु अशा युद्धांत राज्यसत्तेनें कोठें थांबावें, हा प्रश्न जुना आहे. ठाण्याच्या किल्ल्यांत तो एकदां उपस्थित झाला होता.

हा किल्ला पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतला. १७३७ त तो मराठ्यांकडे व १७७४ त इंग्रजांकडे गेला. पुढें त्याचा तुरुंग झाला. तेथें १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांस फांशी देण्यांत आली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन याजवर कान्हेरे यानें गोळ्या झाडल्या होत्या.

या घटनेस सरकारी कागद ‘खून’ म्हणतात, मराठी चरित्रकार बहुधा ‘वध’ म्हणतात. दोन्ही शब्दांत निकाल आधींच दिलेला असतो. इतिहाससंशोधकांस जॅक्सन परका नव्हे. पंडित भगवानलाल इंद्रजींच्या साहित्यावरून सिद्ध झालेल्या गुजरातच्या प्राचीन इतिहासास त्याचा हात लागला होता. त्याच्या विद्वत्तेनें परसत्तेचें समर्थन होत नाहीं. तसेंच तो परसत्तेचा अधिकारी होता एवढ्यानें त्याचें मरण क्षुल्लक ठरत नाहीं.

मात्र घटनांचा क्रम ध्यानीं घ्यावा. जून १९०९ मध्यें बाबाराव सावरकरांस कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. कलम होतें १२१, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्ध. या शिक्षेचा सूड म्हणून पुढें पिस्तूल झाडलें गेलें. ज्या कायद्यानें कवितेलाच युद्ध म्हटलें, त्यानें शब्द व शस्त्र यांमधील अंतर आपल्याच हातांनीं पुसलें.

गोळी झाडणारास शिक्षा होणें, हें कोणत्याही राज्यांत अपेक्षितच होय. पण शासन तेथें थांबलें नाहीं. १९०८ च्या १४ व्या कायद्यानें ज्यूरीवांचून तीन न्यायाधीशांपुढें खटला चालविण्याची सोय झालीच होती. नाशिक कटाच्या खटल्यांत ३८ आरोपी उभे केले गेले. आणि घटनेच्या वेळीं इंग्लंडांत असलेले विनायकराव सावरकर यांस खुनास साहाय्य केल्याबद्दल ३० जानेवारी १९११ रोजीं दुसरी जन्मठेप झाली.

म्हणून ‘दहशतवादी’ कीं ‘हुतात्मा’, हा वाद करण्यापूर्वीं तीन गोष्टी तपासाव्या: प्रहार कोणावर झाला, न्याय कोणत्या रीतीनें झाला, आणि शिक्षा कृत्यापाशीं थांबली कीं विचारापर्यंत गेली. ही कसोटी शस्त्र उचलणारास व सत्ताधाऱ्यास सारखीच लागू आहे. ती लावावयाची तर न्यायालयाचे निवाडे आणि घराण्यांतील पत्रें हीं दोन्हीं दप्तरें जपलीं पाहिजेत. एकच उरलें, तर त्याचाच शब्द इतिहास म्हणून चालेल.