दात किडलेला नाही, तरी हलतोय? हिरडीखालचं हाड झिजवतात आपल्याच पेशी

ब्रश करताना रक्त आलं की आपण ब्रश बदलतो आणि विसरून जातो. दुखत नाही ना, मग झालं! पण हिरड्यांच्या आजारात हलणारा दात अनेकदा किडलेला नसतोच. त्याला धरून ठेवणारं हाड झिजलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात 100 कोटींहून जास्त लोकांना या आजाराचं गंभीर रूप आहे.

सुरुवात कशी होते?
दात आणि हिरडीच्या फटीत जंतूंचा चिकट थर साचतो. त्यांच्याशी लढायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. हिरडी लाल होते, सुजते. या टप्प्यावर हाड शाबूत असतं आणि हिरडी पूर्ववत होऊ शकते.

मग हाड का झिजतं?
थर तसाच राहिला तर टी आणि बी पेशी तिथे ठाण मांडतात. त्या 'रँकल' नावाचं प्रथिन तयार करतात. या प्रथिनामुळे ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी तयार होतात. एरवी 'ऑस्टिओप्रोटेजेरिन' हे प्रथिन रँकलला ब्रेक लावतं. सूज वाढली की हा ब्रेक अपुरा पडतो. टी पेशींमधून येणारं 'आयएल-17' हे रसायन आगीत तेल ओततं.

जंतूंचा दोष नाही का?
आहे, पण तेवढाच नाही. एका दुर्मीळ जन्मजात आजारात न्यूट्रोफिल हिरडीपर्यंत पोहोचतच नाहीत, तरीही हाड झपाट्याने झिजतं. अशा एका रुग्णाला आयएल-17ची साखळी रोखणारं औषध दिल्यावर हिरड्यांची सूज उतरली. हे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं.

धोका कुणाला जास्त?
मधुमेह नियंत्रणात नसलेल्यांना आणि तंबाखू वापरणाऱ्यांना. आपल्याकडे मिश्रीने दात घासायची सवय अजून आहे. ती हिरड्यांना घातकच. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार लपून राहतो.

काय करायचं?
- दिवसातून दोनदा ब्रश करा, दातांच्या फटीही साफ करा.
- रक्त येतंय म्हणून तो भाग घासायचा सोडू नका.
- आठवडाभरात रक्त थांबलं नाही तर डेंटिस्टला दाखवा. क्लीनिंगने दात सैल होतात हा गैरसमज आहे.

बदलापूरच्या शिरगावात राहत असाल, तर लोकलने थेट सीएसएमटीला उतरा. जवळच सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. झिजलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही. उरलेलं मात्र वाचवता येतं.