रेनडियर : समागमवर्तन व मादीची निवड

रेनडियर (शास्त्रीय नाव : रँगिफर टॅरँडस) हा उत्तर ध्रुवाभोवतीच्या टुंड्रा व तैगा प्रदेशात राहणारा, सर्व्हिडी कुलातील कळपप्रिय प्राणी आहे. उत्तर अमेरिकेत याच जातीला कॅरिबू म्हणतात. नर-मादी दोघांनाही शिंगे असणारी हरणाची ही एकमेव जाती. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली लैंगिक निवडीवर लिहिलेल्या ग्रंथात या अपवादाची चर्चा केली आहे. मादीची शिंगे प्रामुख्याने हिवाळ्यासाठी असतात. बर्फ उकरून काढलेला दगडफुलाचा चारा राखण्यासाठी ती त्यांचा उपयोग करते. नराच्या शिंगांचा मोसम मात्र शरद ऋतूतला.

फिनलंड व नॉर्वेच्या उत्तर भागात सप्टेंबरच्या उत्तरार्धात माजाचा काळ सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर ओसरतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नराच्या शिंगांवरची मखमली कातडी गळून पडते, मान जाड होते, गळ्याखाली पांढरी आयाळ वाढते. स्वरयंत्राजवळची हवेची पिशवी मोठी झाल्यामुळे त्याचे घोगरे हुंकार दूरवर पोहोचतात. तो मागच्या पायांवर मूत्र सोडतो आणि तो गंध अंगावर वागवतो. या दिवसांत त्याचे चरणे जवळजवळ थांबते. माद्यांना एकत्र राखणे, प्रतिस्पर्ध्यांना हुसकावणे आणि कोणती मादी माजावर आली आहे हे हुंगून पाहणे यातच त्याचा दिवस जातो. हंगाम संपेपर्यंत थोराड नराचे वजन एक पंचमांशाहूनही अधिक घटू शकते. थोड्याच दिवसांत त्याची शिंगे गळतात आणि तो अशक्त अंगाने हिवाळ्याला सामोरा जातो. गाभण मादीची शिंगे वसंतात पाडस होईपर्यंत टिकतात.

समागमाची पद्धत सर्वत्र सारखी नाही. टुंड्रातल्या स्थलांतर करणाऱ्या मोठ्या कॅरिबू कळपांत नर एका वेळी एकाच मादीच्या मागे राहतो आणि तिचा माज सरला की दुसरीकडे वळतो. वनप्रदेशात आणि पाळीव कळपांत एक बलवान नर काही माद्यांपासून वीस-पंचवीस माद्यांपर्यंतचा गट राखतो. हे गट फिरते असतात. त्यांना ठरलेली हद्द नसते, आणि माद्या त्यांतून येत-जात राहतात.

या येण्याजाण्याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. वर्णनांचा भर दीर्घकाळ नरांच्या झुंजींवर होता आणि मादीला जिंकून घ्यायची वस्तू मानले जाई. ही मांडणी अपुरी आहे. नर मान पुढे ताणून, डोके खाली करून जवळ येतो, तेव्हा तयार नसलेली मादी चालू लागते, पळते किंवा कळपात मिसळते. तयार मादी उभी राहते. प्रत्यक्ष समागम काही क्षणांचा असतो. त्याआधीचा पाठलाग कितीतरी लांबतो. मादीचा माज एक-दोन दिवस टिकतो आणि ती गाभण राहिली नाही, तर सुमारे तीन आठवड्यांनी परत येतो. निवडीला मिळणारा अवधी इतकाच असल्यामुळे कोणत्या गटात थांबायचे आणि कोणता सोडायचा, हीच मादीची मुख्य निवड ठरते. वयस्क व वजनदार नरांचे गट अधिक स्थिर राहतात. कोवळे नर वारंवार पाठलाग करून माद्यांना चरू देत नाहीत. भरदार नर इतरांना दूर ठेवतो, त्यामुळे त्याच्याजवळ निवांत चरता येते, हाही मादीचा मोठा लाभ आहे.

तरीही या निवडीला अमर्याद स्वातंत्र्य समजू नये. निघालेल्या मादीला नर वळवून परत आणतो, आणि तो जितका समर्थ, तितकी तिची हालचाल अधिक आवळली जाते. त्यामुळे पाडसाच्या पित्याचे वजन पाहून मादीने त्यालाच पसंत केले होते, असा निष्कर्ष थेट काढता येत नाही. पसंती आणि सक्ती यांचा परिणाम अनेकदा एकच दिसतो. फिनलंडमधील इनारी भागातील कुतुहार्यू संशोधन केंद्रात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नॉर्वेजियन, फिनिश आणि पुढे कॅनडातील संशोधकांनी नरांची संख्या व वय मुद्दाम बदलून कळपांचे निरीक्षण केले आणि जनुकीय चाचण्यांनी पाडसांचे पितृत्व तपासले. गट राखणाऱ्या नरांखेरीज संधी साधणारे दुय्यम नरही काही पाडसांचे पिते असतात, हे अशाच चाचण्यांतून कळते.

गर्भकाळ सुमारे साडेसात महिन्यांचा असतो. बहुतेक पाडसे मे-जूनमध्ये, कोवळा चारा उगवण्याच्या सुमारास जन्मतात. उशिरा जन्मलेल्या पाडसाला हिवाळ्यापूर्वी अंग धरायला वेळ कमी मिळतो. उशिरा गाभण राहिलेल्या माद्यांचा गर्भकाळ थोडा आखूड होतो आणि विलंब काही प्रमाणात भरून निघतो. पाडसाच्या संगोपनात नराचा वाटा नसतो.

पशुपालनात या माहितीला थेट महत्त्व आहे. सामी आणि नेनेत्स पशुपालक पूर्वीपासून काही नर खच्ची करून ओढकामाला लावतात, तर मांसासाठी वाढवलेल्या आजच्या कळपांत नरांची छाटणी लहान वयातच होते. केवळ कोवळे नर उरले की वीण लांबण्याचा धोका असतो, म्हणून कळपात किती नर ठेवायचे हे ठरवताना त्यांचे वयही विचारात घ्यायला हवे.