वर विस्तव, खाली विस्तव

आखातात संसार थाटलेल्या मराठी घरातला ओव्हन कधी उघडून बघितलाय? आत बहुतेक वेळा मोठी कढई, दोन तवे, चकलीचा सोऱ्या आणि दिवाळीचा झारा सापडतो! कुकिंग रेंज घेतली की खाली ओव्हन आपसूक येतो, आणि आपल्याकडे तो भांड्यांचं कपाट होऊन बसतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "अहो, बेकिंग काही आपलं नव्हे, ते साहेबाचं. आपलं आपलं तळणं, परतणं आणि वाफवणं."

मंडळी, मला हे अजिबात पटत नाही. शारजात आल्यापासून मला ओव्हनमध्ये नाही नाही ते घालून बघायचा नाद लागला, आणि त्या नादातूनच जुनी पाकशास्त्राची पुस्तकं आणि खाण्याचा इतिहास वाचायचा दुसरा नाद लागला. त्यातून जे हाती आलं, ते या दिवाळीत तुमच्यापुढे ठेवते आहे.

सुरुवात कोकणातूनच करू. तवसोळी किंवा धोंडस ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको. मोठ्या पिकलेल्या काकडीचा, म्हणजे तवशाचा कीस, तांदळाचा किंवा गव्हाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं. हे मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, पातेलं मंद विस्तवावर ठेवायचं आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवायचे. वर विस्तव, खाली विस्तव, मध्ये केक! ओव्हन तरी याहून वेगळं काय करतो? पाठारे प्रभूंचं भानोलं असंच खाली-वर निखारे ठेवून भाजलं जायचं. गोव्याच्या बेबिंकचा एकेक थर नारळाच्या दुधाचा आणि अंड्याच्या बलकाचा, आणि प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजायचा. सोळा थरांचं बेबिंक करायचं तर अर्धा दिवस चुलीपाशी गेलाच म्हणून समजा.

घाट चढून वर आलात तर विदर्भात शेणीच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आहेत, खानदेशात बट्टी आहे आणि उलट्या खापरावर भाजलेले मांडे आहेत. रायगडची थंडीतली पोपटी तर ठाऊक असेलच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. तेव्हा भाजणं आपल्याला नवीन नाही. नवीन होता तो पाव, आणि तो फुगवणारं यीस्ट.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पुढे त्यांना आपला पाव हवासा वाटू लागला. गहू मिळत होता, पण यीस्ट कुठून आणणार? तेव्हा तिथल्या माणसांनी माडाची सूर, म्हणजे ताडीसारखी नारळाची ताजी नीरा आंबवून, पिठात घातली आणि पीठ फुगलं! गोव्याचा पोदेर आणि त्याचे उंडो, पोई, कांकणं ही सगळी या प्रयोगाचीच संतती. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. गोव्याचे बेकरीवाले पुढे मुंबईत आले, आणि मग वडापाव आणि मिसळपावापर्यंतचा प्रवास आपल्याला माहीतच आहे.

पण हा पाव आपल्या घरात सुखासुखी शिरला असं समजू नका. पावाला परक्याचा हात लागलेला, त्यामुळे तो खाल्ला की धर्म बुडाला, अशी समजूत होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला प्रतिष्ठित मंडळी गेली होती. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे हेही त्यात होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, अनेकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका बिस्किटापायी! आज तेच पुणं लष्कर भागातल्या कयानी बेकरीबाहेर श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांगेत उभं असतं. ही बेकरी १९५५ सालची, आणि बिस्किटाचं नाव इंग्लंडमधल्या एका गावाचं. आमच्याकडे पुण्याहून कुणी येणार म्हटलं की त्याच्या सामानात एक-दोन खोके असतातच.

म्हणजे बघा, पिढ्या फक्त तीन-चार बदलल्या आणि जे निषिद्ध होतं ते 'आमच्या पुण्याचं' झालं. उपासाचं घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथला आणि हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. अख्खी साबुदाण्याची खिचडी परदेशी, आणि ती आपण एकादशीला देवाच्या नावाने खातो! कुण्या एका गृहिणीने कधीतरी ही सगळी पाहुणी मंडळी एका कढईत घालून बघितली असणार. तिचं नाव इतिहासाला माहीत नाही.

नावं माहीत नसण्याचं कारण उघड आहे. जे लिहिलं जातं तेच उरतं, आणि स्वयंपाकघरातलं फारसं कुणी लिहीतच नव्हतं. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' हे पुस्तक १८७५ साली छापलं गेलं. त्यानंतर १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आलं. एका बाईने हजार पाकक्रिया लिहून काढल्या, तेही त्या काळात! आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. वाटी-चमच्याच्या मापात सगळं सांगणारं हे पुस्तक सासरी जाणाऱ्या मुलींबरोबर गेलं, तसंच ते विमानात बसून दुबई-अबुधाबीलाही आलं. माझ्या प्रतीची पानं तेलाने पारदर्शक झालीत, पण मी ती टाकणार नाही. लोकसंस्कृतीच्या थोर अभ्यासक दुर्गाबाई भागवत यांनाही 'खमंग' नावाचं खाण्यावरचं पुस्तक लिहावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

आता थोडं साहेबाच्या स्वयंपाकघरात डोकावू. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. हा गडी रसायनं जाणणारा. त्याने १८३७ मध्ये अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर बनवली आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवणारी बेकिंग पावडर. सोडा आणि आम्ल एकत्र ओलं झालं की वायू सुटतो, आणि त्या बुडबुड्यांनी पीठ हलकं होतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण या घरगुती प्रयोगाने आपल्यासारख्यांची केवढी सोय केली! अंडं न खाणाऱ्या मराठी घरांत वाढदिवसाचा केक शिरला तो कंडेन्स्ड मिल्क, सोडा आणि बेकिंग पावडर यांच्या जोरावर. ओव्हन नव्हता तेव्हा आपल्या आयांनी प्रेशर कुकरची शिट्टी काढून, तळाशी वाळू पसरून त्यात केक भाजले. पुन्हा तेच, कोकणातलं पातेलं!

इथल्या, म्हणजे अमिरातीच्या स्वयंपाकघराशीही आपलं नातं आपण समजतो त्यापेक्षा जुनं आहे. तेल सापडायच्या कितीतरी आधीपासून मुंबईहून तांदूळ, मसाले आणि लाकूड घेऊन गलबतं या किनाऱ्याला यायची आणि इथून मोती आणि खजूर घेऊन जायची. इथे व्यवहारात भारतीय रुपया चालायचा. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा इथल्या राज्यांनी तो सोडला, आणि दिरहम आला तो १९७३ मध्ये. एकच नाणं वापरणाऱ्या लोकांच्या डब्यातला मसाला वेगळा कसा असेल? इथल्या 'बिझार' मसाल्यात धने, जिरे, दालचिनी, मिरी, हळद असतेच.

इथल्या एका जुन्या रोटीला 'खमीर' म्हणतात. पिठात खजूर, वेलची, केशर, वरून तीळ. पीठ आंबवायचं म्हणून नाव खमीर. आणि आपण मराठीत काय म्हणतो? पीठ आंबलं की त्याला खमीर आलं! शब्द अरबीच, फारसीच्या वाटेने आपल्या घरात आलेला. इथली 'रगाग' तव्यावर इतकी पातळ पसरतात की खानदेशातल्या बाईला मांडे आठवावेत. 'बलालीत' म्हणजे केशर-वेलचीच्या गोड शेवया, फक्त वर ऑम्लेट! जिलबीचं तर विचारूच नका. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकशास्त्रात 'झुलाबिया' आहे, आणि पंधराव्या शतकातल्या एका जैन ग्रंथात जिलबीचा उल्लेख आहे. आज दुबईत गोडाच्या दुकानात जिलबी विकत घेताना ती माहेरी आल्यासारखीच वाटते मला.

आता आपल्याबद्दल. आपण इथे आलो आणि आपल्याही स्वयंपाकघरात प्रयोग सुरू झाले. काही हौसेने, बरेचसे नाइलाजाने. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात ठेवायला अंगण नव्हतं, ते कुणीतरी ओव्हनमध्ये मंद आचेवर कुरकुरीत केले. भाजणीची धान्यं ट्रेमध्ये पसरून भाजली, एकसारखी रंगली. लाडवाचं बेसन तुपात कालवून ओव्हनमध्ये ठेवलं, दर दहा मिनिटांनी हलवलं, आणि हाताचा दुखरा खांदा वाचला. नानकटाईत पिस्ता आला, करंजीत खजूर गेला. ऑगस्टमधल्या दमट हवेत पावाचं पीठ बघता बघता दुप्पट होतं, म्हणून यीस्ट कमी घालायचं, हेही आपलं आपणच शिकलो. तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची. शुक्रवारी सकाळी जिन्यात वास आला की कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायचं. २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली, वास तोच आहे. २०२० च्या टाळेबंदीत तर अनेक देशांत दुकानांतलं यीस्ट संपलं होतं. तेव्हा आमच्या इमारतीतल्या मुलींनी पीठ आणि पाणी आंबवून विरजण धरलं, आणि ते वाटीवाटीने दारोदार पोचवलं. अगदी दह्याच्या विरजणासारखं!

पण मंडळी, एक गोष्ट मला टोचते. इथले आपले संसार कायमचे नाहीत. २०१९ पासून गोल्डन व्हिसा सुरू झाला आहे खरा, पण बहुतेकांचा मुक्काम नोकरीपुरताच. नोकरी संपली की सामानाची यादी निघते, ओव्हन विकला जातो आणि घर बंद होतं. आमच्या मजल्यावर सांगलीच्या एक काकू होत्या. तीस वर्षं इथे राहिल्या. त्यांच्या खजुराच्या, ओव्हनमध्ये भाजलेल्या करंज्या सगळ्या इमारतीत प्रसिद्ध. निवृत्तीनंतर त्या गावी गेल्या, आणि दोन वर्षांत वारल्या. पुढच्या दिवाळीला त्यांच्या मुलीचा कॅनडाहून फोन आला. "काकू, आई त्यात काय घालायची हो?"

आम्ही चार घरांनी बसून आठवायचा प्रयत्न केला. एकीला भाजलेले तीळ आठवले, एकीला संत्र्याची किसलेली साल. पारीत रवा होता यावर एकमत, साटा लावायच्या की नाही यावर भांडण! तीन रविवार करून बघितलं. करंज्या छान झाल्या, पण त्या काकूंच्या नव्हत्या. त्यांनी काही लपवलं नव्हतं, उलट प्रत्येकीला बोलावून बोलावून दाखवलं होतं. पण माप त्यांच्या हातात होतं, कागदावर कुठेच नव्हतं.

'सूपशास्त्र' छापलं म्हणून १८७५ चं स्वयंपाकघर आज आपल्याला दिसतं. १९७० नंतर आखातात आलेल्या मराठी बायकांनी, आणि हो, एकट्याने राहून कुकर लावायला शिकलेल्या पुरुषांनीही, जे केलं ते कुठे दिसणार आहे? हा इतिहास कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. तो आपल्या डोक्यात आहे, आणि डोकी एकेक करून परत चालली आहेत.

म्हणून एक विनंती. या दिवाळीत एक वही घाला. पदार्थाचं नाव, तो कुणाकडून शिकलात, कुठल्या गावचा, आणि इथे आल्यावर त्यात काय बदललं आणि का, एवढं लिहा. बदलाचं कारण लिहायला विसरू नका, कारण इतिहास त्या कारणातच असतो. मुलांना मराठी लिहिता येत नसेल तर त्यांना मापं मोजायला बसवा. काटा त्यांच्या हाती द्या, वाटी आजीच्या हाती.

माझ्या वहीतली एक नोंद खाली देते. तवसोळी, मालवणी शेजारणीकडून शिकलेली. गुळाऐवजी खजूर, कारण घरात 'खलास' खजुराचं खोकं पडून होतं. दोन वाट्या काकडीचा कीस, तिचं सुटलेलं पाणी फेकायचं नाही. सव्वा वाटी तुपावर भाजलेला जाड रवा, एक वाटी बिया काढून वाटलेला खजूर, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. अर्धा तास झाकून ठेवायचं, मग तूप लावलेल्या भांड्यात घालून १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार होऊ द्या, गरम कापली तर मोडते.

तेवढी ओव्हनमधली कढई आणि झारा आधी बाहेर काढा, म्हणजे झालं. आणि तुम्ही यात काय बदललंत ते मला नक्की कळवा, तेही वहीत लिहून ठेवीन. दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!