पाळ कुणाची?

रिद्धपूर ज्या वऱ्हाडात आहे, तिथे इंग्रजी अमलात रयतवारी होती. शेतकरी सारा थेट सरकारात भरी. वर्धा नदी ओलांडली की मालगुजारी मुलूख लागे. तिथे भंडारा-चंद्रपूरकडे गावाबरोबर तळ्याचा मालकही मालगुजार असे. म्हणजे ही खाजगी मालकीची छोटी धरणेच! त्यांतली पुष्कळशी कोहळी समाजाने बांधली. त्यांच्यावर आजही धान पिकते.

मातीच्या धरणाला मुख्य धोके दोन. सांडवा तुंबला तर पाणी पाळीवरून वाहते आणि माती कापून नेते. झाडांची मुळे कुजली किंवा घुशींनी बिळे केली, तर आतून झिरपणारे पाणी मातीचे कण ओढून नेते आणि पोकळी वाढत जाते. दोन्हींवर उपाय एकच: दरवर्षीची डागडुजी. पाळ फुटली तर मालगुजाराचेच उत्पन्न बुडे, त्यामुळे तिच्याकडे लक्ष देणे त्याला भाग होते.

1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तळी सरकारकडे आली. पुढे देखभाल मागे पडून अनेक तळी गाळाने भरली.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना, तसेच 10 ते 15 मीटरमधल्या काहींना लागू होतो, मालक कुणीही असो. बहुतेक गावतळी या मापाबाहेर राहतात. पण पाळीखाली वस्ती असेल तर तीन-चार मीटर पाणीही जीव घेऊ शकते.

तेव्हा विद्यार्थ्यांसह आपण जवळच्या तळ्यावर जाऊ या. सांडवा मोकळा आहे का? पायथ्याशी गढूळ पाणी पाझरते का? आणि डागडुजी कोण करते?