खानावळवालीचं भांडवल

'बायकांना धंद्याची सवय नाही,' हे वाक्य आम्ही गटांच्या बैठकांत नेहमी ऐकतो. प्रशिक्षण द्यायला येणारे साहेबही तेच म्हणतात. म्हणून आज मुंबईच्या गिरणगावाकडे जाऊ.

लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातले, घाटावरचे कामगार होते. बायकापोरं गावी, आणि हे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांना जेवू घालायच्या त्या खानावळवाल्या. कुणी विधवा, कुणाच्या नवऱ्याचं काम सुटलेलं. हाताला स्वयंपाक येत होता, त्याचाच धंदा झाला.

आता हिशोब बघा. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर. तोवर महिनाभर तांदूळ, डाळ, रॉकेल आणायचं कुठून? वाण्याकडून, उधारीवर. उधारीचा माल महाग, वर व्याज. तांदळात खडे निघाले तरी बोलायची सोय नाही, खातं त्याच्याकडे ना! नड आली की डोरलं गहाण. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं, माल रोज खपतो, बाई पहाटेपासून राबते, आणि नफा वाण्याच्या गल्ल्यात. हिला धंदा येत नव्हता असं कोण म्हणेल?

हे ओळखलं प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तीच्या लढ्यात त्या तरुणपणीच उतरल्या होत्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत आल्या. संपाच्या दिवसांत कामगारांना पगार नसतानाही या बायका कर्ज काढून त्यांना जेवू घालत, हे त्यांनी जवळून पाहिलं. 1975 मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 1969 मध्ये मोठ्या बँका सरकारी झाल्या होत्या, पण तारणाशिवाय गरीब बाईला दारात कोण उभं करणार? बायका एकमेकींना जामीन राहिल्या. पहिल्या 14 जणींना बँक ऑफ बडोदाने प्रत्येकी 1500 रुपये कर्ज दिलं. त्या पैशाने त्यांना नवीन काहीच शिकवलं नाही. रोखीने माल आणता आला, एवढंच. (वाण्याचा चेहरा बघायला हवा होता!)

1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडू लागल्या, कामगार गावी परतले. गिऱ्हाईकच गेलं, तिथे नुसतं कर्ज काय करणार? पण बायका तोवर मंडळात बांधल्या गेल्या होत्या. मंडळाने बाहेरच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या.

पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज भरायच्या आधी दुकानदाराकडची उधारीची वही घेऊन या. सोबत बसून वाचू.