आजीबाईचा बटवा आणि परिचारिकेची वही

परिचारिकेचे शिक्षण घेणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी एक कोरी वही घेऊन आमच्या घरी आली. पूरक व पर्यायी चिकित्सा या विषयावर तिला निबंध लिहावयाचा होता. आपली वडीलधारी माणसे आजारपणात घरच्या घरी काय काय घेतात आणि त्यास मराठीत काय म्हणतात, हे तिला जाणून घ्यावयाचे होते. माझी मावशी त्या दिवशी घरी होती. तिने ओवा, सुंठ, हळद, तुळस, कडुनिंब अशी नावे भराभर सांगितली. वही भरत आल्यावर मुलीने सहज विचारले, "आजी, इस्पितळात गेलात म्हणजे यातले काही नर्सला सांगता का?" मावशी हसली आणि म्हणाली, "छे गं बाई! रागावतील ना!"

त्या एका शब्दाने मी विचारात पडलो. मावशीवर कोणी परिचारिका कधी रागावल्याचे मला ठाऊक नाही. मग हे भय आले कोठून? मला वाटते, ते तिचे एकटीचे नव्हेच. ते आपल्या पूर्वजांकडून वारशाने आलेले आहे.

१८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांतील आपले मराठी पूर्वज मुख्यतः कोकणातून, मुंबई बंदरातून आले. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट आज जागतिक वारसा म्हणून ओळखला जातो. २००६ साली त्यास हा मान मिळाला. तेथे इतर अवशेषांबरोबर रुग्णालयाच्या इमारतीचाही भाग उभा आहे. नव्या भूमीवर पाऊल टाकताच आपल्या माणसांस जी पहिली दारे दिसली, त्यांत इस्पितळाचेही दार होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

पुढे उसाच्या मळ्यांवरही रुग्णालये असत, कारण कायद्याचे तसे बंधन होते. परंतु १८७२ साली नेमलेल्या शाही आयोगाने मजुरांच्या स्थितीची चौकशी केली, तेव्हा या मळ्यांवरील रुग्णालयांची दुरवस्थाही उघडकीस आली. मजूर तेथे जावयास नाखूष असत. ज्या मालकाची नोकरी करावयाची, त्याच्याच आवारातील ती खाट होती. कामावर न गेलेल्या एका दिवसाबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची 'डबल कट'ची रीत त्या काळी होती. अशा व्यवस्थेत आजार हा केवळ देहाचा भोग राहत नाही, तो अपराध ठरू लागतो. ज्याची सरदारापुढे झडती व्हावयाची, तो माणूस आपले दुखणे आणि आपले औषध दोन्ही लपवावयास शिकला, तर त्यात नवल ते काय?

त्यातच हिवतापाची भयंकर साथ आली. १८६७ या एका वर्षात, सव्वातीन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या बेटावर सुमारे ३२,००० माणसे मृत्युमुखी पडली. क्विनाइनचा तुटवडा पडला आणि त्याची किंमत गरिबांच्या आवाक्याबाहेर गेली. अशा वेळी झोपडीतील बायामाणसांनी हाती आलेल्या पाल्याचा काढा उकळला, तो त्यांना डॉक्टर नको होता म्हणून नव्हे, तर त्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते म्हणून. त्या काढ्याने हिवताप बरा होत असे, असे मी म्हणणार नाही. परंतु रोग्याच्या उशाशी कोणीतरी रात्रभर बसले होते, हेही विसरता येणार नाही. शुश्रूषेचा आरंभ तेथूनच होतो.

बटव्यातील औषधेही या मातीत नव्या नावांनी रुजली. आपण ज्यास कारले म्हणतो ते क्रिओलीत 'मार्गोज' झाले, शेवग्याचा पाला 'ब्रेड मुरुम' झाला आणि हळदीस 'साफ्रां' म्हणू लागले. फ्रेंच पुस्तकात मात्र 'साफ्रां' म्हणजे केशर! परिचारिकेने केवळ पुस्तक वाचले, तर रोग्याने हळद घेतली की केशर, हेच तिला कळावयाचे नाही. आमीना गुरीब-फाकीम आणि जोसेफ गेओ यांनी १९९५ ते १९९७ या काळात मॉरिशसच्या औषधी वनस्पतींवरील तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, ही म्हणूनच मोठी सेवा होय. तत्पूर्वी १९८९ साली आयुर्वेदिक व इतर पारंपरिक औषधपद्धतींविषयीचा कायदाही येथे झाला होता. जे दीडशे वर्षे चुलीआड होते ते येणेप्रमाणे ग्रंथात व कायद्यात आले. रोग्याच्या ओठांवर मात्र ते अद्याप येत नाही.

हे मौन केवळ आपलेच आहे काय? नाही. १९९३ साली अमेरिकेत डेव्हिड आयझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांची पाहणी प्रसिद्ध झाली. १९९० साली तेथील तीनांपैकी एका प्रौढाने रूढ वैद्यकाबाहेरचा काही ना काही उपचार घेतला होता, आणि अशा लोकांपैकी ७२ टक्क्यांनी ते आपल्या डॉक्टरांस सांगितले नव्हते. इतक्या प्रगत देशातही रोगी गप्पच! १९९८ साली तेथील सरकारने या उपचारांच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र उभारले. हा विषय वैद्यकीय व परिचर्या विद्यालयांत शिकविला जावा, म्हणून पुढे अनुदानेही दिली.

तथापि शिकविणे म्हणजे डोळे मिटून स्वीकारणे नव्हे. याविषयीची एक कथा शिक्षक या नात्याने मला फार प्रिय आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील परिचर्येच्या प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुन्झ यांच्यासह १९७२ च्या सुमारास 'थेरप्युटिक टच' नावाची पद्धत पुढे आणली. रोग्याच्या देहावरून, स्पर्श न करता, हात फिरवून त्याची जीवनशक्ती जाणता व सावरता येते, असा तिचा दावा. अनेक परिचारिका ती शिकल्या. मग एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या शाळकरी मुलीने एक साधा प्रयोग मांडला. मध्ये पडदा ठेवून तिने आपला हात या विद्येतील एकवीस जाणकारांपैकी प्रत्येकाच्या उजव्या किंवा डाव्या तळहातावर धरला आणि विचारले, "माझा हात कोणत्या बाजूस आहे?" २८० वेळा हा प्रश्न विचारला गेला, आणि अचूक उत्तरे आली १२३, म्हणजे ४४ टक्के. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी याहून थोडी अधिकच बरोबर आली असती! हा प्रयोग १९९८ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आपल्या बटव्यासही हीच कसोटी लावली पाहिजे. २००४ साली त्याच नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या सत्तर आयुर्वेदिक औषधांची तपासणी छापून आली. त्यांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. 'आपले' म्हणून ते निर्दोष, असे मानणे हा पूर्वजांचा आदर नव्हे.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांना मधुमेह होता व त्यासाठी गोळ्या चालू होत्या. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस घेण्यास आरंभ केला. एका पहाटे ते घामाने निथळू लागले, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. इस्पितळात कळले की रक्तातील साखर फार उतरली आहे. उपचार झाले, गोळ्यांची नावे विचारली गेली, वडिलांनी ती बरोबर सांगितली. रसाविषयी कोणी विचारले नाही व त्यांनीही सांगितले नाही. घरी येताच रस पुन्हा सुरू झाला. पंधरवड्यात पुन्हा तीच अवस्था! या खेपेस एक तरुण परिचारिका खाटेजवळ बसली आणि क्रिओलीत म्हणाली, "तोंतों, घरी आणखी काही घेता का? तिसान, रस, पाला? सांगा, मी रागावणार नाही." वडिलांनी माझ्याकडे पाहिले, आणि मग सांगितले.

केवळ रसानेच तसे झाले, असे मी ठामपणे म्हणत नाही; वय होते, जेवणही कमी झाले होते. परंतु १९७९ सालीच 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात अशाच स्वरूपाची हकिकत आली होती. कारल्याच्या भाजीने एका स्त्री रुग्णाच्या मधुमेहावरील गोळीचा परिणाम अपेक्षेहून वाढला होता. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. उणीव होती ती विचारणाऱ्या एका प्रश्नाची. तो प्रश्न त्या मुलीने विचारला, आणि वडील त्यापुढे अनेक वर्षे आमच्यात राहिले.

परिचर्येच्या विद्यार्थिनींना हा विषय कशासाठी शिकवावा, याचे उत्तर मला त्या खाटेजवळ मिळाले. त्यांनी वैद्य व्हावे म्हणून नव्हे, किंवा काढ्यांची महती गावी म्हणूनही नव्हे. रोग्यास न हिणवता विचारता यावे, त्याने सांगितलेले नाव ओळखता यावे, ते टिपून डॉक्टरांपर्यंत पोचविता यावे आणि अपाय दिसताच स्पष्ट पण गोड शब्दांत थांबविता यावे, एवढ्यासाठी. १९ एप्रिल २०२२ रोजी भारतात जामनगर येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक औषध केंद्राची पायाभरणी झाली, तेव्हा मॉरिशसचे तत्कालीन पंतप्रधान तेथे उपस्थित होते. मोठ्या केंद्रांत संशोधन होईल, ते व्हावेच. परंतु ज्या माणसाने रस प्याल्याचे सांगितलेच नाही, त्यास त्या संशोधनाचा काय उपयोग?

म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांस माझी नम्र विनंती आहे. आज इस्पितळात पगार कापणारा मालक नाही आणि दारात सरदारही उभा नाही. तेथे आपलीच नात, आपलीच भाची गणवेश घालून उभी आहे. तिच्यापाशी काही लपवू नका. आणि परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या आजीला आजच विचारा, आणि तिने सांगितलेले वहीत लिहून ठेवा.

त्या दिवशी जाताना माझ्या विद्यार्थिनीने वही मिटली, तेव्हा मावशीने तिला पुन्हा हाक मारली. "थांब गं, एक राहिले. झोपेसाठी मी रात्री आणखी एक पाला उकळून घेते. तेही लिही." मुलीने वही पुन्हा उघडली.