पार कुणी बांधली?

सावलीचं नाव पुस्तकात सापडतं ते 1936 सालासाठी. गांधी सेवा संघाची बैठक तिथं भरली, गांधीजी आले. ठीक आहे. पण मी सावलीचा इतिहास शोधतो तो मातीत, तलावाच्या पारीत.

या मुलखात पाऊस धो धो, पण चारच महिने. लोंढा येतो, धानाच्या बांध्या फोडून वैनगंगेकडे पळतो. मग उन्हाळ्यात घसा कोरडा. म्हून माणसांनी मातीची पार आडवी घातली. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरात ते नाव अजून हाय. मातीच्या पारीचं एक बघा: पाणी डोक्यावरून गेलं की ती मेलीच. म्हून जादा पाण्याला बाजूनं सलंग, आणि शेतात पाणी सोडायला तुडूम. हे शहाणपण इंजिनेरी कॉलेजातून आलेलं नाही.

मध्य प्रांतात इंग्रज सरकारला पाटबंधारे सुचले ते 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ माणसं खाऊन गेल्यावर. सावली भागातला आसोलामेंढा तलाव त्यानंतरचा, 1918 च्या सुमाराचा. पार मातीचीच. तलावाच्या कहाणीत राजा येतो, मालगुजार येतो, साहेब येतो. टोपली वाहणारी बाई कुठं हाय?

आता कटक, 8 नोव्हेंबर 1945. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद. पूर म्हणजे संकट, पाणी लवकर समुद्रात घालवा, या जुन्या विचारालाच त्यांनी हात घातला. जादा पाणी साठवा, त्यावर शेती, वीज, जलवाहतूक चालवा, असं त्यांचं म्हणणं. 1927 चं चवदार तळं आपल्या प्रत्येक भाषणात असतं. हे कटक का नसतं?

1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. 1988 ला गोसीखुर्दची कोनशिला बसली, आणि त्याच योजनेत आसोलामेंढ्याची पार उंच करायचं ठरलं. पाणी वाढेल. पण ज्याला शेतच नाही त्याच्या दारात पाट वळत नाही. त्याच्या वाट्याला येते मातीकामाची मजुरी, तीही काम असेल तोवर.

मी सूतगिरणीत तुटलेला धागा जोडतो, रजा मोजून मिळते. तिकडच्या पोरांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठावं. कुणाची आजी, कुणाचा पणजा कोणत्या पारीवर होता, मजुरी काय मिळाली, पाणी कुणाला भरू दिलं, ते लिहून पाठवावं. स्टेन्सिल मी कापतो.